ब्रेकच्या आधीचा आवाज

गाडीचा आवाज सांगताना माणूस लाज सोडतो, हे मी आयुष्यभर बघत आलो. कॉलेजात शिकवणारे, कोर्टात काळा कोट घालून उभे राहणारे, एरवी मोजूनमापून बोलणारे लोक माझ्या गॅरेजच्या दारात उभे राहून तोंडाने चूं-चूं, घर्र-घर्र, खटाक असे आवाज काढून दाखवायचे. एक गुजराती शेठ तर दोन्ही हातांनी हवेतलं स्टिअरिंग धरून, गुडघ्यात वाकून ब्रेक मारायचे आणि म्हणायचे, "विलासभाई, ब्रेक मारुं ने, तो आवुं थाय छे." आणि मग असा काही आवाज काढायचे की शेजारच्या वेल्डिंगवाल्याची माणसं काम थांबवून बघायची. मी कधी हसलो नाही. म्हणजे तोंडावर हसलो नाही. त्या नकलेत अर्धं निदान असायचं.

बडोद्याला गोरव्यात, इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या रस्त्यावर माझं गॅरेज. आता ते भाचा चालवतो. मी सकाळी जाऊन खुर्चीत बसतो आणि नको तिथे तोंड घालतो. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा मी म्हटलं, अहो, मला पाना धरता येतो, पेन नाही. पण ही मंडळी ऐकतात थोडीच! तेव्हा लिहितो आहे, गोड मानून घ्या.

आधी थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. तुम्ही ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. बस, एवढंच. पॅड संपत आला की बारीक किंचाळी येते, चूंऽऽ अशी. ती चांगली. गाडी स्वतःहून सांगते आहे, बाबा रे, बदल. तिकडे कानाडोळा केलात की घर्र येते. म्हणजे पॅड संपला आणि लोखंडावर लोखंड घासायला लागलं. पायाखाली थरथर आली तर डिस्क वाकडी झालेली असते. आणि एकच खट् आला तर काहीतरी ढिलं असतं, ते शोधायला वेळ लागतो. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी दोन-चार ब्रेकांना खरखरते, तो डिस्कवर चढलेला पातळ गंज. तो आपोआप निघतो. त्यासाठी माझ्याकडे येऊ नका.

आणि कधी कधी तर ब्रेकचा काही संबंधच नसतो. एका जोडप्याच्या गाडीत ब्रेक मारला की पुढून खडंग असा आवाज यायचा. दोन गॅरेजवाल्यांची चाकं खोलून झाली होती. मी मागच्या सीटखाली हात घातला तर चांदोदहून आणलेला नर्मदेच्या पाण्याचा गडू, तोंड डाख देऊन बंद केलेला. ब्रेक मारला की घरंगळत पुढे यायचा आणि सीटच्या पायाला आपटायचा. बाई म्हणाल्या, "अगोबाई, आणि मी याच्यासाठी नणंदेशी बोलणं टाकलंय!" तो गडू नणंदेने नेला असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पुढे त्यांनी नणंदेला फोन केला की नाही, ठाऊक नाही.

माझी एक रीत होती. आवाज ज्याला ऐकू येतो, गाडी त्यानेच चालवायची आणि मी शेजारी बसायचं. रेडिओ बंद, एसी बंद, काचा खाली, तोंड बंद. मेकॅनिकने स्वतः गाडी पळवून आवाज शोधायचा म्हटलं की तो येतच नाही. कारण माझा पाय माझ्या पद्धतीने ब्रेक मारतो आणि तुमचा तुमच्या. अर्धे आवाज पायात असतात, असं मी गमतीने म्हणायचो. आबासाहेबांची गाडी माझ्याकडे आली त्यानंतर मी ते म्हणणं सोडून दिलं.

आबासाहेब जगदाळे. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. मूळ घर जुन्या शहरात, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत, पण ते भावाभावांत वाटलं गेलं आणि हे तरसालीला बंगलीत राहायला आले. एका केमिकल कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले होते. वय ऐंशीच्या आसपास, पण ताठ. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि पॉलिश केलेले चामड्याचे बूट. बडोद्याच्या उन्हाळ्यातसुद्धा मी त्यांना चपलेत पाहिलं नाही. माझ्याकडे त्यांची ही तिसरी गाडी. माझी आणि त्यांची ओळख इतकी जुनी की माझ्या लग्नात त्यांच्याच गाडीला फुलं लावली होती.

त्यांच्या पत्नीला सगळे माई म्हणत. माईंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दिवसाआड त्यांना डायलिसिसला न्यावं लागे, आणि नेत आबासाहेबच. दुसऱ्या कोणाला नेऊ देत नसत. एकदा मला म्हणाले होते, "विलासराव, आत गेल्यावर सगळं मशिनच्या आणि नर्सच्या हातात. मी बाहेर बाकड्यावर बसतो. तिच्या दुखण्यात माझा उपयोग एवढाच, की तिला नेतो आणि घरी आणतो." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, इंजिन ऑइल कधी बदलायचं हे विचारावं तसं.

तर गेल्या वर्षीचा दसरा होऊन आठवडा झाला असेल. त्यांची मुलगी शुभांगी गाडी घेऊन आली. ती बँकेत आहे, वडिलांच्या घराजवळच राहते. गाडीची पुढची उजवी बाजू खरवडली होती. हॉस्पिटलला जाताना गाडी डिव्हायडरला घासली होती. माई शेजारी बसलेल्या. कोणाला लागलं नाही.

"बाबा म्हणतात, ब्रेक मारला की गाडी घूंऽऽ करते आणि उजवीकडे ओढते," ती म्हणाली. "मी हळूहळू चालवत आणली काका, मला तर काही झालं नाही. जरा आवाज येतो, बस. खरं सांगू? आता त्यांचं वय झालंय. पण ते कबूल करत नाहीत, गाडीवर ढकलतात."

"मग माझ्याकडे कशाला आणलीस?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगा ना, गाडी आता चालवण्यासारखी राहिली नाही. दुरुस्त होणार नाही. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

मला राग आला. माझा राग लगेच तोंडावर येतो, ही माझी जुनी खोड. म्हटलं, "अगं, तू डॉक्टरकडे जाऊन खोटा रिपोर्ट लिहून मागतेस का? मी न बघता गाडीला बदनाम करू? उद्या त्यांना घेऊन ये."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, माई शेजारी बसलेली असते," एवढंच बोलून ती गेली. नंतर मला वाईट वाटलं. पोरगी घाबरली होती, आणि तिचं घाबरणं काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब स्वतः आले. शुभांगी मागच्या सीटवर, चेहरा पाडून. मी शेजारी बसलो, काचा खाली केल्या आणि इस्टेटच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी घ्यायला सांगितली. वेग धरून त्यांनी ब्रेक मारला, आणि खरंच! घूंऽऽ. खालच्या पट्टीतला, ओला आवाज. ना पॅड संपल्याची किंचाळी, ना लोखंडाची घर्र. आणि गाडी सरळ उजवीकडे निघाली. आबासाहेबांनी मागे वळून मुलीकडे पाहिलं. मला मनातून बरं वाटलं. म्हातारा खरं बोलत होता.

परत येऊन जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं. पॅड नवेच, मीच पावसाळ्याआधी घातलेले. पण काळे पडून चकाकत होते. बोट फिरवलं तर बुळबुळीत. डावा ब्रेक पकडतच नव्हता, उजवा एकटा पकडत होता, म्हणून गाडी उजवीकडे ओढत होती. आता तेल आलं कुठून? ब्रेकचं तेल गळतं आहे का पाहिलं, एक्सलचं ग्रीस सुटलं आहे का पाहिलं. सगळं कोरडं ठाक. मग पॅड नाकाशी नेला. करपलेल्या खोबरेलाचा वास. मी दोनदा हुंगला. इतकी वर्षं या धंद्यात घालवली, पण ब्रेकला खोबरेलाचा वास येताना कधी अनुभवला नव्हता.

"आबासाहेब, या चाकाला घरी कोणी हात लावला होता?"

"हात म्हणजे?" ते म्हणाले. "खंडेनवमीला पूजा केली की. दरवर्षी करतो."

आणि मग सगळं बाहेर आलं. त्यांच्याकडे आजोबांची तलवार आहे. खंडेनवमीला ती म्यानातून काढायची, पुसायची, पात्याला खोबरेल लावायचं आणि पाटावर मांडून पूजा करायची. पुढे गाडीचीही पूजा. आधीच्या गाड्यांना चाकांवर झाकणं होती, आतलं काही दिसत नसे. ही गाडी शुभांगीने हौसेने घेऊन दिलेली, मोठ्या जाळीदार चाकांची. सकाळी गाडी धुतली, तासाभरात डिस्कवर तांबूस गंज आला. आजच्या दिवशी, आपल्या घरात, लोखंडावर गंज! घोडेस्वाराच्या नातवाला ते सहन झालं नाही. तलवारीला लावलेलं तेल फडक्यावर होतंच. त्यांनी जाळीतून हात घालून डिस्क चांगली पुसून काढली, वर हळद-कुंकू वाहिलं.

"फक्त याच चाकाची?"

"गाडी भिंतीला लागून उभी होती. पलीकडे हात पोचेना. आणि मागच्या चाकांना डिस्क नाही, ते झाकलेले ड्रम."

मी शुभांगीकडे पाहिलं. तिने कपाळाला हात लावला, पण रडत रडत हसत होती. "बाबा, अहो, ब्रेकला तेल?" आबासाहेब गोरेमोरे झाले. पण दुसऱ्याच क्षणी ताठ झाले. "चूक झाली. पण गाडी ओढते असं मी म्हणत होतो की नव्हतो? तू म्हणालीस वय झालं." शुभांगीने तिथेच, हवेच्या कॉम्प्रेसरशेजारी, त्यांचे हात धरले आणि माफी मागितली. गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं!

डिस्क धुऊन काढली, दोन्ही बाजूंना नवे पॅड घातले. आबासाहेब तोवर माझ्या खुर्चीत बसून चहा पीत होते आणि वेल्डिंगवाल्यालासुद्धा बोलावून सांगत होते, "गाडीचा दोष निघाला, गाडीचा." मग मी म्हटलं, चला, शेवटची ट्रायल. शुभांगीला बँकेचा फोन आला होता, ती गॅरेजवरच थांबली. आम्ही दोघेच निघालो.

ब्रेक मारला. गाडी सुतासारखी सरळ थांबली, घूं नाही, काही नाही. पुन्हा मारला. आणि मला दुसराच आवाज आला.

टक्. मग ब्रेक.

बारीक. चामड्याच्या बुटाची कड कशाला तरी लागावी तसा. आदल्या फेरीत तो घूंखाली दबला असणार, किंवा मी एकच आवाज ऐकायला बसलो होतो आणि कान त्याच एकाला दिला होता. मी म्हटलं, आणखी एकदा. टक्, मग ब्रेक. या वेळी मी रस्त्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो. ॲक्सिलरेटरवरून उचललेला पाय ब्रेकच्या पेडलच्या कडेला आपटत होता, मग वर उचलला जात होता, मग पेडलवर येत होता. आणि तेवढा वेळ आबासाहेबांची नजर रस्त्यावर नव्हती. ती खाली, स्वतःच्या पायाकडे होती. प्रत्येक ब्रेकला ते खाली बघत होते.

मी गाडी कडेला घ्यायला सांगितली. इंजिन बंद करायला सांगितलं.

"आबासाहेब, पायाला काही होतं का?"

"मुंग्या येतात थोड्या. साखर आहे ना मला. घरी चप्पल पायातून निघून जाते, कळत नाही कधी कधी. त्याचं काय?"

"ब्रेक मारताना तुम्ही खाली बघता."

ते एकदम तापले. "हे तुम्हाला शुभांगीने पढवलं! काल आली होती ती तुमच्याकडे, मला माहीत आहे. विलासराव, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आत्ताच म्हणालात ना, दोष गाडीचा होता?"

तेही खरं होतं. मी म्हटलं, "इंजिन बंद आहे. डोळे मिटा आणि ब्रेकवर पाय ठेवा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"माझ्यासाठी."

त्यांनी डोळे मिटले. पाय हलला. टक् झालं. मग पाय स्थिर झाला.

"ठेवला."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! अख्खा जन्म गाडी चालवली मी. हा ब्रेक." आणि त्यांनी दाबला.

"आता डोळे उघडा," मी म्हटलं, "आणि खाली बघा."

पाय ॲक्सिलरेटरवर होता. पूर्ण दाबलेला.

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाय उचलला नाही. बाजूने एक टेम्पो गेला, त्याच्या धुळीने माझ्या डोळ्यांत चरचरलं, पण मला हात वर करवेना. मला वाटलं होतं ते चिडतील, म्हणतील पुन्हा करून दाखवतो. पण पाय तसाच ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "ती डाव्या बाजूला बसलेली असते हो."

"हो."

"डिव्हायडरला लागली, ती तेलाने की...?"

मी खरं ते सांगितलं. मला माहीत नव्हतं. तेलानेही लागली असेल, पायानेही. आजही मला सांगता येत नाही.

त्यांनी चावी काढली. माझ्या हातात दिली नाही, स्टिअरिंगसमोर ठेवली. दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि मी उतरण्याची वाट बघत उभे राहिले. बसल्यावर पट्टा ओढायला त्यांचा हात सवयीने उजव्या खांद्यावर गेला. तिथे पट्टा नव्हता. दोनदा गेला. मी डावीकडचा ओढून लावून दिला. गॅरेजपर्यंत गाडी मी आणली. शुभांगी धावत आली. मी चालवतो आहे हे पाहून तिला सगळं कळलं असावं. आबासाहेबच म्हणाले, "उद्यापासून माईसाठी कोणीतरी बघ." बस.

मी योग्य तेच केलं, यात मला शंका नाही. पण शंका नसली म्हणजे सुख असतं असं थोडंच आहे? त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "अहो, जीव वाचवलात तुम्ही दोन माणसांचा." असेल. पण त्या सकाळी एक माणूस माझ्या खुर्चीत बसून जगाला सांगत होता की दोष गाडीचा आहे, आणि दुपारी मी त्याच्याकडून ते काढून घेतलं. ते मला अजून लागून राहिलं आहे.

तरसालीतलाच महेश नावाचा ड्रायव्हर ठेवला त्यांनी. बरा पोरगा आहे, आबासाहेबांना दादा म्हणतो, सावकाश चालवतो. माई आता मागे आडव्या होऊन जातात-येतात, आबासाहेब पुढे, डावीकडे. बाकड्यावर बसणं त्यांनी सोडलेलं नाही. माझ्याकडे ते परत आले नाहीत. शुभांगी म्हणते, राग नाही काका, फक्त येत नाहीत.

परवा महेश गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आला. भाचा कामात होता, म्हणून मीच दारं उघडून आत बघत होतो. डाव्या सीटपुढची रबरी मॅट उजव्या पायाच्या जागी झिजली होती, खालचा गालिचा दिसायला लागला होता. बाकी मॅट नवीकोरी. मी बोट लावून बघत होतो तेवढ्यात महेश हसत म्हणाला, "शुं करीए, काका? दादा आखे रस्ते ब्रेक मार्या करे छे. सिग्नल आला की पाय दाबतात. मी नाही बोलत काही." मग म्हणाला, "मॅट नवी नाखी दो ने, खराब दिसते."

मी मॅट बाहेर काढली, झटकली. धुऊन उन्हात वाळवली. संध्याकाळी गाडी द्यायच्या वेळी तीच परत आत घातली आणि झिजलेली जागा नीट त्यांच्या पायाखाली येईल अशी सरकवून ठेवली.